दुसरी फासिका

फासिकेचा सण चार दिवसांवर आला होता, आणि बायुशला विटाळ आला.

या खेपेला तिला आशा होती. दिवस वर गेले होते. घरात, अगदी नवऱ्यालाही, ती एका शब्दानं बोलली नव्हती. तोंडातून निघालं की दृष्ट लागते, म्हणून मूग गिळून बसली होती. सकाळी चाकाशिवाय, नुसत्या हातानं एका मडक्याला ती गळा देत होती आणि तेव्हाच तिला कळलं. मांडीवरची माती तशीच ठेवून ती उठली. कशाला हात लागू नये म्हणून दोन्ही हात छातीशी धरून दाराबाहेर आली.

सासू, देस्ता, अंगणात हरभरे निवडत होती. तिनं सुनेचे हात पाहिले आणि तिला काय ते उमगलं.

"सकाळपासून कुठल्या मडक्यांना हात लावलास?"

"ओल्या सगळ्यांनाच, इमाये."

देस्तानं सूप खाली ठेवलं आणि ती घरात गेली. सून पायवाटेनं उतरू लागली तेव्हा मागून मडकी जमिनीवर आपटल्याचे आवाज आले. एक, मग थोडं थांबून दुसरं. फासिका म्हणजे मुसानं वाडवडलांना मिसरमधून सोडवून आणलं त्याचा सण; त्याआधी जुनी भांडी फोडून गावभर नवी मडकी लागत, आणि त्यातली निम्मी बायुशच्या हातची असत. तिच्या हाताला गुण होता. गावातल्या बायका म्हणत, "हिची मडकी गळत नाहीत, हिची कूस तेवढी गळते." हे तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत.

ओढ्याच्या अलीकडे, वस्तीच्या खालच्या अंगाला विटाळाची झोपडी होती. तिच्याभोवती गुडघाभर दगडांचा वेढा. आत बसलेल्या बाईनं दगड ओलांडायचे नाहीत, बाहेरच्यानं आत पाऊल टाकायचं नाही. घरचं माणूस खाणं आणून दगडावर ठेवी आणि मागं सरे. मग आतली पुढं होई. झोपडीला सगळ्या बायका मर्गम गोजो म्हणत, म्हणजे शापाची खोपी. बायुशला लग्न होऊन दहा वर्षं उलटली होती आणि या दहा वर्षांत तिचा एक महिनाही इथं आल्यावाचून गेला नव्हता. बाकीच्यांच्या वाऱ्या पोटुशी राहिल्या की थांबत, पोर अंगावर पीत असलं की थांबत. हिची थांबली नाही. दर महिन्याला त्याच वाटेनं उतरायचं आणि दर महिन्याला गावानं ते बघायचं. शाप म्हणतात तो हाच, असं तिनं कधीच मनाशी धरून टाकलं होतं. आपण काय पाप केलं ते मात्र तिला आठवत नव्हतं.

देस्ता रोज खाणं घेऊन येई. सोवळ्याओवळ्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. वाऱ्यानं बायुशच्या चादरीचं टोक तिच्याकडे उडालं तरी ती ओढ्यावर जाऊन डोक्यावरून पाणी घेई. सुनेशी वाईट वागत होती असं नाही. पण बोलण्यात माया कमी आणि सूचना फार.

सणाच्या आदल्या दिवशी, नीट उजाडायच्या आत, बायुश पाण्याला म्हणून ओढ्याच्या बाजूनं बाहेर आली. त्या बाजूला वेढा ओढ्यापर्यंत उघडा होता. तिथं उंबराच्या बुंध्याला टेकून एक माणूस बसला होता. अंगावर शहरी कोट, पायांत बूट, आणि मान एका बाजूला कललेली. ती मागं सरणार तोच त्यानं डोळे उघडले.

"वहिनी, घाबरू नकोस. मी तामरात."

ती बघतच राहिली. हा तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा झाडावर चढून अंजिरं खाली टाकणारा. पुढं शिकायला म्हणून गोंदरला मिशनच्या शाळेत गेला, आणि दोन वर्षांनी निरोप आला की पोरानं त्यांचं पाणी घेतलं, क्रूसवाल्यांत गेला. त्या दिवशी देस्तानं डोकं भादरून घेतलं होतं. जिवंत माणसाचं सुतक घरानं पाळलं. त्यानंतर त्याचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

आता त्याच्या गालांची हाडं वर आली होती. खोकला आला की तो अख्खा हलत होता, आणि तोंडावर धरलेलं फडकं लाल होत होतं.

"वर घरी जा ना," ती म्हणाली आणि म्हणताक्षणी तिला कळलं की आपण काय बोललो.

तो हसला. "वर कुणी शिवेल मला? पाऊल टाकलं तर अख्खं गाव ओढ्यात उतरेल धुवायला. उद्या सण. एवढ्या लोकांना थंड पाण्यात कशाला घालू?"

"मग आलास कशाला रे?"

"मरायला," तो म्हणाला. वाटसरूनं 'पाणी प्यायला' म्हणावं, इतक्या सहज. "तिथं खाटेवर पडलो होतो. चांगली माणसं आहेत. त्यांच्यात विटाळ नाही, कुणीही कुणाला शिवतं. पण हा खोकला लागल्यापासून शिवायला कुणी येईना. मग म्हटलं, लांबच राहायचं तर आपल्या माणसांपासून राहू."

बायुशनं आपलं मडकं भरलं आणि त्याच्या तोंडाला लावलं. त्याची मान टिकेना म्हणून मग डोकं मांडीवर घेतलं. एकदा तिच्या मनात आलं, माझ्या अंगावर विटाळ, मी याला शिवते आहे. तोही जणू तेच ओळखून म्हणाला, "आपल्या दोघांना आता कोण काय करणार, वहिनी?"

तिनं त्याला झोपडीच्या सावलीत, मागच्या अंगाला आणून निजवलं. वरून दिसणार नाही अशा जागी. मग म्हणाली, "इमाये आता खाणं घेऊन येतील. सांगते त्यांना."

त्यानं तिचं मनगट धरलं. इतका अशक्त असून घट्ट धरलं. "नाही सांगायचं. सांगितलंस तर ती खाली येईल."

"त्या नाही यायच्या," बायुश म्हणाली. सासूला ती ओळखून होती.

"येईल. मी तिच्या पोटचा आहे, तू नाहीस. ती येईल आणि मी तिच्या हातात मरेन, तिला मढ्याचा विटाळ लागेल, म्हणजे तिची फासिका गेली. वर्षभर ती सणाच्या कोकराच्या त्या एका घासासाठी जगते. नको सांगूस. माझी आण."

ऊन वेढ्यापर्यंत आलं तेव्हा देस्ता आली. दगडावर भाजलेल्या हरभऱ्यांची टोपली ठेवली, मागं सरली, आणि रोजच्यासारखी सुरू झाली.

"हे खा, आणि सगळे एकदम संपवू नकोस, आज परत कुणाला यायला वेळ नाही. आणि काय गं, तुला चुलीजवळ लाकडं उभी करून ठेवायला कुणी शिकवलं? सगळी ओली निघाली. धूर, धूर! डोळे गेले माझे. दहा वर्षं झाली घरात येऊन, अजून लाकडं आडवी ठेवावीत एवढं कळत नाही. तुझ्या आईनं तुला नुसती माती मळायला शिकवली का?"

बायुश मान खाली घालून उभी होती. झोपडीमागून आवाज आला तर काय, या धास्तीनं तिचं सगळं लक्ष तिकडेच होतं. पण आवाज आला नाही. देस्ता आणखी थोडं बोलली, पाठीमागं हात बांधून वळली आणि चढ चढून गेली.

बायुश धावत मागं आली. तामरातनं कोटाची बाही तोंडात कोंबली होती. तिला वाटलं खोकला दाबतोय. तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अजून तश्शीच," तो म्हणाला. "लाकडं! मलाही हेच. अगदी हेच शब्द."

मग त्यानं डोळे मिटले. उन्हं डोक्यावर यायच्या आधी त्याचा श्वास थांबला. ती जवळच होती, हरभरे भिजवून मऊ करत होती. घास घेऊन वळली तर तो गेला होता.

 वरून कोकरांचं ओरडणं ऐकू येत होतं. सण आदल्या संध्याकाळीच लागतो; सूर्य कलायला लागला की काहेन ओरित, मुसाची पोथी, वाचणार, कोकरू कापणार आणि अंधार पडायच्या आत घराघरांत ते भाजलं जाणार. आणि तोवर तरसंही ओढ्यावर येतात. ती वेढ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

लोक जमले. दगडांपासून पाच-सहा हात अंतर ठेवून उभे राहिले. पुढं तिचा नवरा संबेतू होता, भट्टीवरून तसाच उठून आलेला, हाताला काजळी, खांद्यावर फावडं. त्याच्या बाजूला गावातला मोठा माणूस अदमासू. काठी टेकत टेकत काहेन मेनासे सगळ्यांत शेवटी आले. ते गावाचे पुरोहित. त्यांच्याशिवाय दुसरं कुणी कोकरू कापू शकत नव्हतं.

"तामरात आला होता," बायुश म्हणाली. "आत्ता गेला."

 मग अदमासू म्हणाला, "आपला तामरात केव्हाच गेला. हा कोण आहे तो त्याच्या माणसांनी बघावा. वर टेकडीवर क्रूसवाले आहेत, त्यांना निरोप धाडा."

एकजण लगेच टेकडीकडे धावला. घटकाभरानं धापा टाकत परत आला. "ते म्हणाले, ज्या परक्यांनी त्याला पाणी दिलं त्यांना बोलवा, आमच्या देवळाचा तो नव्हे."

"मग झालं. ना तो त्यांचा, ना आपला. आजच्या दिवशी त्याला शिवेल त्याचे सात दिवस गेले, त्याची फासिका गेली. एका बुडालेल्यापायी आणखी कुणी बुडायचं?"

संबेतू पुढं झाला. एकच पाऊल. ते पाऊल उचललं खरं, पण टाकताना त्यानं काहेनांकडे बघितलं, मग अदमासूकडे, आणि तिथंच थबकला. बायुशनं ते पाहिलं. दहा वर्षांत आपला नवरा असाच प्रत्येक गोष्टीच्या अलीकडे उभा राहिला, हे तिला त्या घटकेला नको तेवढं स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि देस्ता पुढं आली. तिला कुणीतरी घरी जाऊन सांगितलं होतं. सणाचं धुतलेलं पांढरं लुगडं आणि वर नवी चादर, अशी ती होती. तिनं मुलाचा दंड धरला.

"तू नको. घरचं कोकरू तुझ्या नावानं उभं आहे, ते तू खायचंस. घरातलं कुणीतरी खाल्लं पाहिजे. तुझं फावडं तेवढं दे."

"देस्ता," अदमासू म्हणाला, "तू तर या गावाची शिस्त. तूच असं केलंस तर लेकीसुनांनी काय शिकायचं?"

देस्तानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "टेकडीवरचे क्रूसवाले आपल्याबद्दल म्हणतात, हे लोहार-कुंभार रात्री तरस होऊन मढी उकरतात. त्यांचं ऐकून आपण थुंकतो. आणि आज माझं पोर तरसांपुढं टाकून तू कोकरू खायला बसणार? मग त्यांचं खोटं काय आहे?"

"आई," संबेतू म्हणाला, "तुझी फासिका."

"माहीत आहे रे मला."

तिनं चपला काढल्या नाहीत, लुगडं वर खोचलं नाही. दगडावर हात टेकून, म्हाताऱ्या गुडघ्यानं एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा. ज्या बाईनं सुनेच्या चादरीचं टोक चुकवलं होतं ती सुनेच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "कुठं आहे?"

मागं लोकांत कुजबुज झाली. "एका बाटग्यासाठी फासिका टाकली," असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा काहेन मेनासेंनी काठी आपटली.

"गप्प बसा," ते म्हणाले. "रानात, मुसाच्या वेळी, अशीच माणसं होती. त्यांनी प्रेत उचललं होतं. सणाच्या दिवशी ते मुसाकडे आले आणि म्हणाले, आम्हाला मढ्याचा विटाळ आहे, पण आम्ही का म्हणून मागं राहायचं? मुसानं त्यांना चोर म्हटलं नाही, पापी म्हटलं नाही. त्यालाही उत्तर माहीत नव्हतं. तो म्हणाला, थांबा, देवाला विचारतो. आणि देव काय म्हणाला? पुढच्या महिन्यात, याच तिथीला, त्यांच्यासाठी पुन्हा कोकरू कापा. ओरितमध्ये आहे. माझ्या बापानं कापलं नाही, आजानं कापलं नाही. मी कापीन."

"पण अब्बा, विटाळ तो विटाळच ना?" अदमासू म्हणाला.

"विटाळच. मी कुठं नाही म्हणतो? पण पाप केलं की देवाकडे तोंड करून रडावं लागतं. विटाळाला पाणी आणि मावळतीचा सूर्य पुरतो. दोन्हींना एकाच तोंडानं नावं ठेवू नका. मेलेल्याला पुरा असं ज्यानं सांगितलं, त्यानंच पुरणाऱ्याला विटाळ सांगितला. मग पुरणारा पापी कसा होईल?" ते दमले. मग हळू आवाजात म्हणाले, "चला. कोकरं वाट बघताहेत."

लोक चढ चढून गेले. संबेतूनं फावडं दगडांवरून आत टाकलं आणि तो सगळ्यांत शेवटी गेला.

दोघींनी खड्डा खणला. ओढ्याकाठची माती ओली होती म्हणून बरं. देस्ता खणायला पुढं, बायुश माती ओढायला. तामरात वाळलेल्या जळणाच्या मोळीइतका हलका झाला होता; दोन बायकांनी त्याला सहज उचललं. देस्तानं त्याचे बूट काढले, पाय धुतले, बोटांमधली माती काढली. अंगावरची नवी पांढरी चादर काढून त्याला गुंडाळली.  चादरीची गाठ मारताना म्हणाली, "कधी आला होता?"

"पहाटे."

देस्ताचे हात थांबले. "मी खाणं घेऊन आले तेव्हा?"

"होता. मागं निजला होता."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"त्यानं आण घातली. म्हणाला, सांगितलंस तर ती येईल आणि तिची फासिका जाईल."

देस्तानं गाठ सोडून पुन्हा बांधली. मग तिनं विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला, "मी काय बोलले गं त्या वेळी? काय ऐकलं त्यानं?"

बायुशला खोटं बोलता आलं असतं. "लाकडांचं," ती म्हणाली. "मी लाकडं उभी ठेवली म्हणून रागावलात."

"देवा."

"तो हसला, इमाये. बाही तोंडात घालून हसला. म्हणाला, अजून तश्शीच."

"हसला?"

"डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

तेव्हा देस्ता रडली. तोवर रडली नव्हती. मुलाच्या छातीवर कपाळ टेकून ती इतकी रडली की बायुशनं न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि देस्तानं तो झटकला नाही.

माती लोटून, वर ओढ्यातले मोठे दगड रचून होईपर्यंत सूर्य बुडाला. वरून सगळ्यांचा मिळून म्हणण्याचा आवाज आला. भाजलेल्या मांसाचा वास वाऱ्याबरोबर खाली उतरला. दोघी झोपडीच्या दाराशी बसून सकाळचे हरभरे खात होत्या.

"इमाये," बायुश म्हणाली, "मला खरं सांगा. माझ्यावर शाप आहे का?"

देस्तानं हातातला हरभरा टोपलीत परत टाकला. "मला माहीत नाही, पोरी. मला संबेतू व्हायच्या आधी सात वर्षं याच दारात घालवावी लागली. सासू म्हणायची शाप आहे. मग तो झाला, तर म्हणाली शाप उतरला. मी ऐकलं तेच तुला ऐकवलं. दुसरं काही मला शिकवलंच नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाली, "तू इथं डोकं करून निजू नकोस. या फटीतून पहाटे गार वारं येतं. अजून बुजवली नाही कुणी."

सात दिवस दोघी तिथं राहिल्या. तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी काहेनांनी एका माणसाच्या हाती शुद्धीचं, तांबड्या गायीच्या राखेचं पाणी धाडलं, त्यानं डहाळीनं ते दोघींवर शिंपडलं. मग ओढ्यात बुडी मारून, कपडे धुऊन, संध्याकाळी त्या घरी गेल्या. गावानं काही म्हटलं नाही आणि काही विसरलंही नाही. पाणवठ्यावर देस्ता आली की बायकांचं बोलणं तुटे. संबेतू तर बायकोच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. एकदा जेवताना तो म्हणाला, "मी येणार होतो." बायुश म्हणाली, "माहीत आहे." तिनं भाकरी त्याच्याकडे सरकवली.

पुढच्या महिन्यातली तिथी जवळ येऊ लागली तशी एक गोष्ट बायुशच्या ध्यानात आली. ती इतकी साधी होती की आधी कुणालाच कशी दिसली नाही याचं नवल. मढ्याचा विटाळ सात दिवसांत जातो, आणि मग माणूस दुसऱ्या फासिकेला मोकळं. पण तिचा विटाळ चंद्राबरोबर येतो. तिथीही चंद्राबरोबरच येते. तिनं कुणाला सांगितलं नाही. नुसती वाट बघितली. दोन दिवस आधी तो आलाच.

ती खाली उतरली तेव्हा देस्ता तिच्या मागोमाग वेढ्यापर्यंत आली आणि तिथून तशीच काहेनांकडे गेली. दुपारी त्यांना घेऊनच परत आली. काहेन मेनासे दगडांपासून अंतर ठेवून, काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले.

"अब्बा," देस्ता म्हणाली, "कोकरू दोघींसाठी होतं. ही आत असताना मी एकटी खाणार नाही."

"खावं लागेल," काहेन म्हणाले. "ज्याला खाता येतं आणि जो खात नाही, तो आपणहून तुटतो. ओरितमध्ये तेही आहे."

मग बायुश आतून बोलली. आजवर ती काहेनांशी समोरून कधी बोलली नव्हती. "अब्बा, मढ्याला शिवलेल्यांना देवानं दुसरी तिथी दिली. माझ्यासारखीनं काय करायचं? मला ती याही महिन्यात चुकणार. मला तिसरी आहे का?"

काहेनांनी काठीवरची हनुवटी उचलली. "नाही," ते म्हणाले. "मुसाकडे त्या दिवशी पुरुष आले होते. त्यांनी आपलं विचारलं. एखादी बाई गेली असती तर कदाचित तिलाही उत्तर मिळालं असतं. पण कुणी गेलं नाही, आणि ओरित तिथं गप्प आहे. ती गप्प असताना मी बोललो तर ते खोटं होईल, पोरी."

"मग या खोपीला शापाची म्हटलंय का तिच्यात? एवढं तरी सांगा."

"शापाची?" म्हाताऱ्यानं मान हलवली. "ओरित म्हणते वेगळी राहा, धू, संध्याकाळ होऊ दे. एवढंच. शाप हा शब्द तिच्यात या जागी नाही. तो तुमच्या आज्यांनी जोडला असेल. का जोडला कोण जाणे. दमल्या असतील."

देस्तानं तोंडावर चादर घेतली. ती हसली की रडली ते बायुशला दिसलं नाही.

काहेन जायला वळले, आणि चार पावलं जाऊन थांबले. वेढ्याच्या वरच्या अंगाला एक सपाट पडीक तुकडा होता. तो त्यांनी काठीनं दाखवला. "कोकरू कुठं कापायचं ते ठरलेलं आहे. पण कुठं बसून खायचं, ते ओरितनं माझ्यावर सोडलंय. संबेतूला सांग, लाकडं इथं आणून टाक म्हणावं."

तिथीच्या संध्याकाळी जाळ तिथं पेटला. काहेनांनी कोकरू प्रार्थनाघराच्या अंगणात कापलं आणि संबेतूनं ते खांद्यावरून खाली आणलं. गावातली बरीच माणसं आली नाहीत. अदमासू आला, का आला ते त्यानं सांगितलं नाही, लांब उभा राहिला. काहेनांनी मिसरमधून निघाल्याची हकीकत म्हटली. दर वर्षी ते ती स्वतःशी पुटपुटल्यासारखी म्हणत. त्या संध्याकाळी त्यांनी तोंड वेढ्याकडे केलं होतं. बायुश आतून अगदी दगडांजवळ येऊन बसली. तिच्यापुढं भाजलेले हरभरे होते, दुसऱ्या बाजूला आठ-दहा हातांवर देस्ता, तिच्यापुढं मांस आणि बिनआंबवलेली भाकरी. कुणी कुणाला शिवत नव्हतं.

"मानेचा तुकडा तामरातला आवडायचा," देस्ता एकदा म्हणाली. "तो मीच खाल्ला."

"बरं केलंत," बायुश म्हणाली.

सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नसतं. संबेतूनं हाडं गोळा करून जाळात टाकली. मग तो आईजवळ जाऊन बसला नाही. वेढ्याला लागून, दगडांच्या बाहेर, बायकोच्या समोर बसला आणि जाळ विझेपर्यंत तिथून उठला नाही.

बायुशला मूल झालं नाही. तिची मडकी दर सणाला गावभर जात राहिली, आणि पाणवठ्यावरच्या बायका तिच्या पाठीमागं बोलायचं ते बोलतच राहिल्या. देस्ता जवळपास असली तर मात्र नाही. दुसरी फासिका त्या गावात राहून गेली. दर वर्षी कुणी ना कुणी मढ्याला खांदा दिलेला असेच, आणि जेवण त्याच पडीक तुकड्यावर बसे. त्या पहिल्या वर्षी वेढ्यात बायुश एकटी होती. पुढच्या वर्षी तिघी होत्या, आणि त्यांतली एक, नुकती लग्न होऊन आलेली, दगडावर कोपरं टेकून वर ओरडली, "अब्बा, जरा मोठ्यानं म्हणा की! इथं ओढ्याचा आवाज फार आहे."

काहेन मेनासे थांबले, दम घेतला, आणि पहिल्यापासून म्हणायला लागले.